दोन औषधं, एक पंप

लग्न होऊन मी कोकणातून धामणगाव बढ्याला आले. शाळा नववीतच सुटलेली. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा माझं मन खचलं ते खचलंच. ती रडायची आणि वाटायचं, शेजारच्या घरातलं कुणाचं तरी लेकरू रडतंय. मी नसलेलीच बरी, हे दिवसभर डोक्यात.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हळूहळू झोप यायला लागली, घास उतरायला लागला. मग त्यांनी समुपदेशन करणाऱ्या बाईंकडेही दर गुरुवारी पाठवलं. पहिल्या खेपेला नुसती रडले. दुसऱ्या खेपेला बोलले. इथं आल्यापासून माझं कोकणी वळणाचं बोलणं पहिल्यांदाच कुणीतरी न हसता ऐकलं.

सासू म्हणाली, "बोलाले बुलढान्याले काऊन जा लागते वं? आपल्या घरी का सारे मुके हायेत?"

नवऱ्यानं मात्र गोळ्याच उचलून ठेवल्या. कपाशी फवारणारा माणूस तो. दोन औषधं एका पंपात कालवली की पानं करपतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं.

"आता बोलनं सुरू झालं ना? मंग एकच ठेव. दोन्ही मिळून तुले चढन."

काळजीनंच म्हणाला. मलाही पटलं.

गोळ्या बंद झाल्यावर आधी चक्कर, झिणझिण्या. मग पुन्हा तोच अंधार. बाईंपुढे बसले तरी तोंडातून शब्द निघेना. एका दुपारी फवारणीची औषधं ठेवलेल्या खोलीच्या दारात उभी राहिले, किती वेळ ते आठवत नाही. सासूनं पाहिलं. माझा दंड धरला आणि नवरा शेतातून येईपर्यंत सोडला नाही.

सकाळी तिघं बुलढाण्याला गेलो. नवऱ्यानं पंपाचं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "शेतात ते बरोबर आहे. हिला मात्र दोन्ही लागतात. गोळीनं बोलण्याइतकं बळ येतं, आणि बोलून वाट सापडते. मला विचारल्याशिवाय काही बंद करू नका."

"मी तं चांगल्यासाठीच केलं, साहेब," नवरा खाली बघत म्हणाला.

त्याच दिवशी फवारणीची औषधं पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं. आता चहासोबत सासू गोळी हातावर ठेवते. "घे वं माय. आन आज गुरुवार हाये, बस चुकवू नोको."

बरी झाले असं अजून म्हणवत नाही. वाईट दिवस येतात. पेटीची किल्ली सासूच्या कमरेला असते. चालताना वाजते, तेवढ्यानंही मला धीर येतो.