घड्याळकाकांनी घरात लोहचुंबक आणला

घड्याळकाकांच्या घरात विंचू निघाला असता, तर त्यांनी तो चिमट्यात धरून शांतपणे बाहेर सोडला असता. लोहचुंबक मात्र त्यांना उंबऱ्याच्या आत चालत नसे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मनगटी घड्याळाच्या पोटात केसासारखी बारीक कमान, म्हणजे स्प्रिंग असते. तिला लोहचुंबकाची बाधा झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळलेल्या घोड्यासारखं पुढे धावत सुटतं. काकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे दुकानाचा कायदा साऱ्या घराला लागू.

एकदा काकूंच्या भावाने हौसेने पर्स पाठवली. तिचं बटण चुंबकाचं निघालं. काकांनी ती आल्या पावली परत धाडली.

"माझ्या भावाने काय बॉम्ब पाठवलाय का?" काकू कडाडल्या.

"बॉम्ब परवडला. तो एकदाच फुटतो."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत दोघं एका प्रदर्शनाला गेली होती. तिथे एका टेबलावर पृथ्वीचा गोल, ना दोरी ना खुंटी, हवेत फिरत होता. काकू बघतच राहिल्या. हा चुंबकाचा खेळ आहे, असं शेजारचं कुणीतरी म्हणालं आणि काकांचा हात वरच्या खिशाकडे गेला. खिशात गिऱ्हाइकाचं घड्याळ होतं. त्यांनी काकूंचं मनगट धरून त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. काकू भांडल्या नाहीत. बाहेर आल्यावर फक्त एकदा मागे वळून पाहिलं आणि चालू लागल्या. त्यांच्या भांडणांतलं एकही काकांना पुढे आठवेना, पण ते वळून पाहणं काही केल्या विसरता आलं नाही.

मग काकांच्या हाताला कंप सुटला. दुकान बंद झालं, टेबल मात्र तसंच राहिलं. रोज सकाळी काका ते पुसत, चिमटे ओळीने लावत, डोळ्याला लावायचं भिंग फुंकर मारून स्वच्छ करत. "हात जरा बसला की सुरू करू," असं म्हणत. हात बसणार नाही, हे काकूंना कळत होतं. पण कळलेलं सगळं बोलून दाखवायचं नसतं, एवढा संसार त्यांनीही केला होता.

एका दुपारी काकांनी हातातलं घड्याळ उतरवून शेजारणीकडे सांभाळायला दिलं आणि भंगारवाल्याकडे गेले. परतले ते फडक्यात गुंडाळलेल्या दोन चकत्या घेऊन. एक जुन्या लाउडस्पीकरमधली, तळहाताएवढी. दुसरी नखाएवढी.

"हे काय आणलंत?"

"लोहचुंबक."

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"तुला तो गोल बघायचा होता ना? करू या घरीच."

"तेव्हा बघायचा होता. आता तुमच्या गोलापेक्षा माझा मोतीबिंदू मोठा झालाय," काकू म्हणाल्या, पण लगेच पदर खोचून प्लास्टिकचा हलका चेंडू शोधायला गेल्या. रंगही त्यांनीच काढला. "मला देशबिश येत नाहीत हं."

"निळा फास. पाणीच जास्त आहे."

प्रदर्शनातल्या गोलाला वीज लागायची. काकांची युक्ती साधी होती. लाकडी चौकट उभी केली आणि तिच्या वरच्या पट्टीला मोठा चुंबक बसवला. छोटा चेंडूच्या आत वरच्या बाजूला चिकटवला आणि चेंडू खालून दोऱ्याने तळाशी बांधायचं ठरवलं. वरचा चुंबक ओढणार, खालचा दोरा जाऊ देणार नाही. मधल्या मध्ये चेंडू अधांतरी. सगळी मेख दोऱ्याच्या लांबीत. जरा जास्त झाला की चेंडू टक्कन वर जाऊन चिकटे, कमी झाला की ओढ पुरेनाशी होऊन खाली पडे. काका स्वयंपाकघराच्या ओट्यावर खटपट करत होते. तिथे उजेड कमी. गाठ मारायच्या ऐन वेळी बोटं थरथरत आणि टक्!

"अहो, पुढच्या टेबलावर घ्या ना. दिवा आहे, भिंग आहे."

"तिथे नको. सगळी हत्यारं बाद होतील."

काकूंनी सुटलेला दोरा उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला शिंपी आला. हातात वडिलांचं जुनं घड्याळ. "काका, दुकान बंद आहे, माहीत आहे. पण हे दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होत नाही."

काकांचा चेहरा उजळला. हात स्वच्छ धुऊन ते टेबलाशी बसले, भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं. आतला एक स्क्रू सैल झाला होता, बाकी काही नाही. त्यांनी पेचकस उचलला. त्याचं टोक स्क्रूच्या भोवती फिरत राहिलं, खाचेत काही बसेना. शिंपी भिंतीकडे बघू लागला. काकू दारात उभ्या होत्या.

काकांनी पेचकस खाली ठेवला. झाकण लावलं, घड्याळ फडक्याने पुसून शिंप्याच्या हातात दिलं. "चौकातल्या त्या पोराकडे जा. माझ्याच हाताखाली शिकलाय. बडबड फार करतो, पण हात स्थिर आहे."

शिंपी गेल्यावर काकांनी भिंग उतरवून ठेवलं. मग आत जाऊन चौकट उचलून आणली आणि टेबलावर मधोमध ठेवली. ओळीने लावलेले चिमटे खडखड करत सरकले. एक तर उडून थेट चुंबकाला जाऊन लटकला.

"अहो, चिमटा!"

"लटकू दे."

हत्यारांना चढलेली चुंबकाची बाधा उतरवायचं छोटं यंत्र खालच्या खणात होतं. काकांनी खणाकडे पाहिलंही नाही. खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बस इथे."

"मी? तुमच्या खुर्चीत?"

"दोऱ्याचं काम आहे. सुईत दोरा ओवायला मला कुणी बोलावतं का?"

काकू अवघडून बसल्या. काकांनी भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिलं आणि चेंडू त्यांच्या बोटांत.

"हळू. अजून वर. फार झालं, बाई, फार झालं!"

टक्.

"कानात ओरडलात म्हणून गेला," काकू म्हणाल्या. "तोंड बंद ठेवा, नाहीतर उठते मी."

काका तोंड मिटून उभे राहिले. काकूंनी दोरा सोडवला, बोटावर एक वळसा घेतला, ओढून पाहिला, किंचित सैल केला आणि गाठ मारली. मग हात बाजूला घेतला. निळा चेंडू वरच्या पट्टीखाली बोटभर अंतरावर, कशालाही न टेकता थांबला.

काकूंनी हलकेच फुंकर मारली. चेंडू डुलला, सावरला आणि सावकाश फिरू लागला.

"एवढं वाकून बसायचात होय दिवसभर?" नजर न काढता काकूंनी विचारलं. "मान नाही का हो दुखायची?"

"दुखायची की."

"कधी बोलला नाहीत ते."

"विचारलंस कधी?"

"टेबलाजवळ येऊ द्यायचात का?"

काकांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल ओढलं आणि काकूंच्या शेजारी बसले. चेंडू थांबत आला, तेव्हा या खेपेला फुंकर त्यांनी मारली.