आईची जीभ आणि वडिलांचा चष्मा

आमच्या घरात शिळं-ताजं ठरवणारी दोन खाती होती. वडिलांचं चष्म्याचं, आईचं जिभेचं. वडील बिस्किटाचा पुडा उलटासुलटा करून तारीख वाचत. वारंगा फाट्यावरच्या दुकानदाराशी एकदा कालच संपलेल्या तारखेवरून ते इतके भांडले की आमची बस निघून गेली. आईचा छापील तारखेवर काडीचा विश्वास नव्हता.

"कंपनीला माल खपवायचा ऱ्हातो. आपली हळद काय तारीख घालून उगवती?" असं म्हणत ती बोट बुडवायची, चाटायची आणि निकाल द्यायची. खरं सांगते, तो कधी चुकला नाही. वडिलांना तेच सहन होत नसे.

मग वडिलांना हृदयाचा त्रास निघाला. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या; चांगली गोळी झोंबते, डोकंही ठणकतं, असं सांगितलं. आमच्या गल्लीत औषध एकट्याने ठेवायची रीत नाही. शेजारच्या भाभींनाही तीच तकलीफ, म्हणून आईने कात्रीने पाकीट अर्धं केलं आणि एक तुकडा त्यांना दिला. तारीख त्या तुकड्यावर गेली. आमचा बिनतारखेचा तुकडा या सदऱ्यातून त्या सदऱ्यात उन्हाळे-पावसाळे काढत राहिला. गावभरच्या पुड्यांवर चष्मा रोखणाऱ्या माणसाने स्वतःच्या खिशात कधी डोकावलं नाही. आणि औषधाची चव कोण घेतं, म्हणून आईनेही त्याला जीभ लावली नाही.

यंदा हळद शिजवताना वडील छाती धरून खाली बसले. आईने गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली.

"झोंबून राहिली का?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. दुसरी ठेवली, तीही खडूसारखी. रिक्षात मी त्यांचा गार हात धरून बसले होते, तेव्हा मला फार भीती वाटली. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून वाचले. गोळ्यांचा जोर कधीच गेला होता, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येताच दोघांची जुंपली.

"तारीख काहून कापली?"

"मंग तुमी काहून बघितली न्हाई?"

नवं पाकीट आलं. वडिलांनी तारीख मोठ्याने वाचली आणि कात्री माळ्यावर टाकायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आई चुलीपाशी डोकं धरून बसलेली. मी घाबरून काय झालं विचारलं. तिने जीभ उचलून दाखवली. खाली गोळी विरघळत होती.

"झोंबती बराबर. डोकं बी ठणकून राहिलं," ती समाधानाने म्हणाली. "चांगल्या हायेत. ठेव तुझ्या बाबाच्या खिशात."