मामी काय मागायची

देव आणि मन या दोन न दिसणाऱ्या गोष्टींवर आमच्या देवासच्या मामांइतका विचार साऱ्या माळव्यात कुणी केला नसेल, आणि त्यापायी इतक्या माणसांना कुणी छळलंही नसेल. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झाले, तरी मामांचा तास काही सुटला नाही. धारला आमच्याकडे आले असताना दाढ दुखू लागली, तर दातांच्या डॉक्टरांनाच म्हणाले, "मला दुखतंय, हे तुम्ही कशावरून मानता?" डॉक्टर बिचारे 'आ करा' म्हणायचं विसरले. मामांचं म्हणणं एकच: दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कधीच कळत नाही, आणि प्रार्थना म्हणजे माणसानं स्वतःशीच बोलणं. यावर त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. मराठीत लिहिली, म्हणून देवासात ती वाचली फक्त मामीनं, तीही मटार सोलता सोलता.

मामी दर मंगळवारी टेकरीवर देवीला जायची. मामा सोबत जात, पण देवळात पाऊल टाकत नसत. बाहेर तिच्या चपला सांभाळत बसत. एकदा बागलीच्या एका भाविकानं आपलेही जोडे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "भिया, टोकन दो."

"टोकन तो नहीं है, पर ये बताओ, माताजी से माँगोगे क्या?" मामांनी त्याला असा धरून ठेवला की त्या गरिबाची आरती चुकली.

मामी बाहेर आली की तोच प्रश्न तिला. "काय मागितलंस गं?"

"अहो, सांगितलं तर फळत नाही," म्हणत ती त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवी. मामा चिडत. सिद्धान्त त्यांचाच, पण तो बायकोनं इतक्या सहज सिद्ध करावा हे त्यांना मुळीच रुचत नसे.

गेल्या वर्षी मामी गेली. शेवटच्या आजारात मामांनी पुन्हा विचारलं, "आता तरी सांग." ती नुसती हसली. तेव्हापासून मामांना दुसरा विषय नाही. जेवताजेवता हात थांबतो. "एवढी वर्षं ती काय मागत होती रे?" असं मला विचारतात, जणू मला ठाऊक आहे आणि मी लपवतोय. त्यांच्याकडे बघून जीव तुटतो.

परवा त्यांना टेकरीवर घेऊन गेलो. मामांनी जोडे काढले आणि जन्मात पहिल्यांदा आत गेले. मी बाहेर थांबलो. बऱ्याच वेळानं आले, तेव्हा डोळे ओले होते. मला राहवलं नाही.

"मामा, काय मागितलंत?"

"मागितलं काही नाही रे. तिनं मागितलेलं तिला मिळालं का, एवढंच विचारलं."