दादाच्या अंगी लागेना

हे कुणाला सांगायचं नाही, असं दादाने मला बजावलं होतं. पण आमच्या चाळीत असे किस्से साठतच जातात. एक आठवला की त्याच्यामागून दुसरा आपोआप बाहेर येतो. शिवाय मी सांगत नाहीय, लिहितेय.

दादा एकोणीस वर्षांचा. बाबांची छाती गिरणीतल्या कापसाने अधू झालेली, ते घरीच असायचे. घराची सगळी आशा दादावर. त्याने खाकी युनिफॉर्मवाल्या एका सरकारी नोकरीसाठी अर्ज केला. लेखी पास झाला, धावण्यात दुसरा आला, आणि मेडिकलला अडकला. वजन हवं पन्नास किलो, हा सत्तेचाळीस! पुन्हा यायला तीन महिन्यांची मुदत मिळाली.

आई म्हणाली, "तीनच किलो ना? मग तीन महिने कशाला? मला तीन आठवडे पुरेत!"

*

वजन करायला आम्ही मरोळ नाक्याजवळच्या कोळशाच्या वखारीत जायचो. वखारवाले पटेलकाका काट्यावरचं पोतं उतरवून तिथे दादाला उभा करायचे.

पहिल्या आठवड्यात आईने तूपभात, डिंकाचे लाडू आणि शेजारच्या रोझमावशीकडच्या कोंबड्यांची अंडी असा मारा केला. वजन दीड किलोने वाढलं! आई रस्ताभर हसत आली.

तीन आठवड्यांनी पुन्हा सत्तेचाळीस.

"काटा खोटा आहे तुमचा," आई म्हणाली.

"मग बेन, तुम्हीच चढून बघा ना!"

आई चढली. दादाच्या ताटात उरलेलं सगळं तीच संपवायची. दिवाळीत ती अठ्ठावन्न होती, आता एकसष्ट.

पटेलकाका म्हणाले, "घरात तीन किलो आले की! फक्त पत्ता चुकला."

*

पोटभर जेवण झालं की दादा एका जागी बसायचाच नाही. गॅलरीत फेऱ्या मारत पेपर वाचायचा. जानेवारीतही शर्ट काढून पंख्याने वारा घ्यायचा. खाटेवर बसला तर गुडघा हलत राहायचा.

"पाय हलवू नको रे! खाल्लेलं सगळं त्यात जातंय," आई ओरडायची.

"मी नाही हलवत गं. तो आपला आपणच हलतो."

शेवटी आईने मला त्याच्या पायांवर बसवलं. दोन मिनिटांनी मीही हलायला लागले.

*

ज्याच्यासाठी दादाने मला शपथ घातली, ते हे. रविवारी खूप खाल्लं की सोमवारी त्याला भूकच नसायची. मग तो आपले लाडू हळूच माझ्या हातात द्यायचा.

"घे ना गं. आईला कळलं तर रडेल ती."

मी खायचे. काय करणार! दोन महिन्यांत माझ्या शाळेच्या स्कर्टचा हूक तुटला. आईने सुईदोरा घेतला, हूक पुढे सरकवून लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून वाटीत दोन लाडू जास्त दिसायला लागले.

*

आई शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. "जंत असतील हो त्याला."

त्यांनी सगळं तपासून सांगितलं, "वहिनी, मुलगा ठणठणीत आहे. शरीर आपलं वजन आपणच राखायला बघतं. तुम्ही जास्त घातलं की ते भूक कमी करतं, अंग गरम ठेवतं, पाय हलवत ठेवतं. सगळ्यांचं सारखं नसतं, पण याचं शरीर फार हट्टी आहे."

आई पदर सावरत म्हणाली, "म्हणजे माझ्यावर गेलाय."

*

मेडिकलच्या दिवशी दादा सत्तेचाळीसच होता. बसस्टॉपवर आईने त्याला डझनभर केळी खायला लावली, वर दोन तांबे पाणी. वजनाआधी मुलं असंच करतात, असं रोझमावशीने सांगितलं होतं. आई आणि मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभ्या राहिलो. आईने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

दादा काट्यावर चढला. म्हातारे डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "पाव किलो कमी आहे. सकाळी काय खाल्लंस?"

खोटं बोलायला दादाला जमतच नाही. "बारा केळी, साहेब."

डॉक्टरांचं लक्ष खिडकीतल्या आईकडे गेलं. "बाई, तुम्ही याची आई?"

आईने मान डोलावली.

"पिशवीत आणखी आहेत?"

आईने तीन केळी पुढे केली. डॉक्टरांनी दोन दादाला दिली, तिसरं स्वतः सोललं आणि खुर्ची आमच्याकडे फिरवून आईला म्हणाले, "घाई नाही. तुमच्या मुलाचं खाऊन होईपर्यंत मी इकडेच बघतोय. माझी आईसुद्धा मला असंच…"

आले, आले! दादा हाका मारतोय. ड्युटीवर निघालाय, आणि त्याच्या खाकी शर्टाला इस्त्री मीच करायची…