दिघे सरांचा रंगवलेला मॉनिटर

फोटोतला मॉनिटर पिवळा पडलेला होता, आणि तेवढ्यासाठीच मी नाशिकहून इंदूरपर्यंत चारशे किलोमीटर गाडी हाकायला तयार झालो.

जुने कॉम्प्युटर जमवून दुरुस्त करणं हा माझा छंद. पस्तीसेक वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर घरी चालू स्थितीत आहे, पण त्याच्या जोडीचा, केशरी अक्षरांचा मॉनिटर तीन वर्षं शोधूनही मिळत नव्हता. मग आमच्या ग्रुपवर इंदूरच्या दिघे सरांनी फोटो टाकला. रंग मूळचा, कंपनीची पट्टी जागेवर, ओरखडा एकही नाही. मी लगेच फोन लावला.

"पैसे नकोत," ते म्हणाले, "पण कुरिअर-बिरिअर नाही भिया. खुद येऊन घेऊन जा."

शनिवारी सकाळी सहाला निघालो. धुळे, शिरपूर, सेंधवा असा सरळ रस्ता आहे. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा आणि घाटात ट्रकांच्या मागे शहाण्यासारखे राहा. मानपूरला चहा-कचोरीसाठी थांबलो. मागच्या सीटवर गादी अंथरलेली पाहून चहावाल्याने विचारलं, "गद्दी किसके लिए?" जुना कॉम्प्युटरचा टीव्ही आणायला चाललोय, असं मी सांगितलं. "भिया, टीवी तो इंदौर में नया भी मिलता है," तो काळजीने म्हणाला.

सरांचं घर स्नेहलतागंजात, स्टेशनपासून जवळ. गल्लीत गाडी लावायला अर्धा तास गेला. तुम्ही जाल तेव्हा गाडी बाहेर ठेवून रिक्षा करा. सर सत्तरीचे. बाहेरच्या खोलीत त्यांनी पंधरा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. त्यातलं आता एक टेबल उरलंय. त्यावर चादरीखाली मॉनिटर होता. सरांनी चादर उचलली.

मॉनिटर पांढराशुभ्र होता. चक्क ऑइल पेंट! कंपनीची पट्टी रंगाखाली गेलेली, हवेचे झरोके बुजलेले, एका कोपऱ्यात ब्रशचा केस चिकटलेला.

"काय, चकाचक ना?" सर म्हणाले. "पाहुणा इतक्या दूरवरून येणार, आणि मी पीला पडलेला माल देऊ? दोन कोट मारले."

"दोन दिवस बाल्कनीत कुणाला पाय ठेवू दिला नाही हो यांनी," काकू म्हणाल्या. "जमिनीवर आडवे होऊन पेंटिंग चालू."

आमच्या छंदात मूळ रंग गेला की निम्मी वस्तू गेली. पण सरांच्या नखांत अजून पांढरा रंग होता. "सुंदर झालाय," मी म्हणालो.

त्यांनी तो चालू करून दाखवला. केशरी अक्षरं अशी ठसठशीत उमटली की क्षणभर मी रंग विसरलो. मग तापलेल्या पेंटचा वास आला आणि मीच घाईघाईने बंद करायला लावला.

मुक्काम विजय नगरच्या एका साध्या हॉटेलात केला. सकाळी सर पोहे-जिलबीला घेऊन गेले. पोह्यांवर शेव आणि जिरावणाचा मसाला, सोबत गरम जिलबी. दोघांचं मिळून शंभर रुपयेही झाले नाहीत. खरं सांगून टाकावं म्हणून मी तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा सरांनी माझ्या बशीत जिलबी वाढली. परतताना मॉनिटर काच सीटच्या पाठीकडे करून, गादीत गुंडाळून बांधला. तुम्हीही असाच आणा.

घरी चार दिवस मी त्याला हात लावला नाही. पण झरोके बुजलेले ठेवून चालवला असता तर आतले भाग जळाले असते. शेवटी स्पिरिट आणि जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन खरवडायला बसलो. थिनर वापरू नका, त्याने प्लास्टिकच विरघळतं. पुढची बाजू अर्धी झाली आणि सरांचा व्हिडिओ कॉल आला.

"मॉनिटर दाखवा जरा. तुमच्याकडे कसा दिसतो ते आमच्या हिला बघायचंय."

कॅमेरा दुसरीकडे वळवता आला असता. मी समोर धरला. अर्धा पांढरा, अर्धा पिवळा.

"सर, मला तो पिवळाच हवा होता. तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही."

मी खरवडायचं कार्ड खाली ठेवलं.

"माहीत होतं," सर म्हणाले. "पंधरा साल शिकवलंय भिया. न समजता 'समझ गया सर' म्हणणाऱ्याचा चेहरा मला लगेच कळतो." मग चष्मा लावून ते स्क्रीनच्या अगदी जवळ आले. "पुढचं काढा सगळं. बस, पीछे का रहने दो. मागे येईपर्यंत हात बसला होता माझा."

आता तो कॉम्प्युटरच्या जोडीला बसलाय. पुढून पिवळा, मागून पांढरा. ग्रुपवरचे जाणकार नाकं मुरडतात. मागचे झरोके मी सुईने एकेक करून मोकळे केले, बाकी तिथे हात लावला नाही. घरी कोणी बघायला आलं की आधी त्यांना मागची बाजू दाखवतो. सरांचा हात खरंच बसला होता. दुसरा कोट कुठेही ओघळलेला नाही.