धडामरावांचा तोंड झाकलेला कॅप्टन

धडामराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते 'कॅप्टन धडाम' नावाचं कॉमिक काढायचे म्हणून अख्खी गल्ली त्यांना तेच म्हणायची. आणि मजा बघा, कॅप्टन एका ठोशात पूल पाडणारा, आणि धडामरावांना भाजीवाल्याला "हा टोमॅटो सडका आहे" म्हणायचीसुद्धा छाती नाही! सडका टोमॅटो मुकाट्याने पिशवीत. वर "थँक्यू".

शाळेत असताना ते मास्तरांच्या चित्राला शेपूट लावायचे, मार खायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत शेपूट, आणखी लांब. वडील कपाळाला हात लावायचे. "माणसं कागदावर काढून कुणाचं पोट भरलंय रे?" भरलं ना पण. तुडुंब नाही, पण भरलं.

त्यांची एक खोड होती. जो चेहरा कागदावर काढायचा, तो आधी स्वतःच्या तोंडावर आणायचा. राक्षस काढायचा तर दात विचकायचे, डोळे फिरवायचे, नाक फुगवायचे. आणि टेबल नेमकं खिडकीत! समोरच्या घरात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर राहायचे, त्यांची मुलगी गच्चीत कपडे वाळत घालायची. हा माणूस रोज दुपारी तिच्याकडे बघून दात विचकतोय! एक दिवस ती तरातरा जिना चढून वर आली.

"काय हो, कुणाला वेडावता?"

धडामरावांनी नुसता कागद पुढे केला. तिने राक्षस बघितला, मग ह्यांचं तोंड बघितलं, आणि अशी हसली की तिला खुर्चीच लागली.

"चित्र झकास आहे," ती म्हणाली. "पण अक्षर? मुंग्या शाईत बुडवून सोडल्यात का?"

ती वडिलांबरोबर शिडीवर चढून पाट्या लिहिणारी पोरगी, अक्षर म्हणजे नुसतं लोणी. तिने तिथेच ब्रश उचलला आणि राक्षसाचं बोलणं लिहून टाकलं. सहा महिन्यांत लग्न. गल्ली म्हणाली, धडामरावांनी मागणी घातली तरी कशी? घातलीच नव्हती. तिनेच घातली, हे फक्त होय म्हणाले, आणि तेही मानेनेच.

तेव्हापासून वर्षानुवर्षं असंच चाललं. हे चित्र काढायचे, ती फुगे भरायची. फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडाजवळचे ते गोल, ज्यात त्यांचं बोलणं असतं. कोरा कागद आला की आधी ती पेन्सिलीने फुग्यांच्या जागा आखायची आणि दम द्यायची, "अहो, ह्याच्या आत यायचं नाही हं!" मग हे उरलेल्या जागेत मारामारी बसवायचे. कुरकुरत. "अगं, कॅप्टनचा पाय तरी पुरा काढू दे!" "त्याला बोलू दे आधी, पाय पळून जात नाही."

मग एक दिवस संपादकांनी बोलावलं. संपादक वाईट नव्हते, घाईत असायचे इतकंच. "पुढच्या अंकापासून अक्षरं कॉम्प्युटरवर. वहिनींना म्हणावं, आता आराम करा."

धडामराव काय म्हणाले? काय म्हणणार! मूग गिळून मान डोलावली.

आणि घरी येऊन तर कमालच केली. म्हणाले, ह्या अंकात कॅप्टन बोलतच नाही, मुका अंक आहे. ती म्हणाली, "बरं झालं, त्याचीही बडबड फार झाली होती." तिने विश्वास ठेवला हो! हे ताटावरून अर्धवट उठले. पण कागदापुढे बसले आणि सगळं विसरले. दम द्यायला कोणी नाही म्हणताच पोरासारखे सुटले, इथे पाय, तिथे पंख, कोपऱ्यात जळती गाडी. पान गच्च. फुग्याला टाचणीएवढी जागा नाही.

अंक छापून आला. कॉम्प्युटरवाल्याने फुगे कुठे लावावेत? जिथे मिळेल तिथे. कॅप्टनच्या तोंडावर! पानोपानी कॅप्टनच्या धडावर डोक्याच्या जागी एक पांढरा गोल, आत छापील अक्षरं. तिने तो अंक कोपऱ्यावरच्या दुकानात बघितला. घरी येऊन अंक टेबलावर ठेवला.

"मुका अंक ना?"

एवढंच. मग ती खरोखरच गप्प झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवण वाढायची, दिवा लावायची, सगळं करायची, बोलायची तेवढी नाही. ब्रश मात्र धुवून, पुसून, कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले.

तिकडून संपादकांचा फोन. "अहो, कॅप्टनचं तोंड कुठंय? पोरं विचारतायत!"

"जागा ती ठेवायची," धडामराव म्हणाले.

"कोण ती?"

"बायको माझी. मी नुसता उरलेल्या जागेत काढतो."

मग संपादक म्हणाले, घेऊन या वहिनींना.

ती आधी येईनाच. "तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं, तर मला यायला पाय नाहीत." धडामराव दारात उभे राहिले. चुकलो म्हणाले. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना रडकुंडीलाच आले, तेव्हा ती चप्पल शोधायला लागली.

ऑफिसात तिने आढेवेढे घेतलेच नाहीत. "मी लिहीन. पण पहिल्या पानावर ह्यांच्या शेजारी माझं नाव. मीच लिहिणार, हाताने."

धडामरावांनी चमकून बघितलं. इतक्या वर्षांत तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं!

तिने पिशवीतून ब्रश आणि शाई काढून तिथेच लिहून दाखवलं. चांगलं पाटीवर शोभेल एवढं ठसठशीत.

संपादकांनी चष्मा सरकवला. "वहिनी, जरा लहान केलं तर..."

"नाही," धडामराव म्हणाले. मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टने मान वळवून बघितलं. "तेवढंच राहू दे."

ती ब्रश हातात धरून नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. मग म्हणाली, "हळू हो. शाई सांडेल."