खालच्या गावचा हूक

उमरगा तालुक्याच्या पार टोकाला नदीवर एक बंधारा आहे. बंधारा महाराष्ट्रात; त्याच्या खालचं गाव कर्नाटकात. त्याची लोखंडी दारं खाचेत टाकायला किंवा काढायला दोन लांब हूक लागतात. एक हूक वरच्या गावात बलभीमच्या घरी असतो, दुसरा खालच्या गावात शिवशंकरच्या. नदीच्या पाण्यानं खालच्या गावचं तळं भरलं की शिवशंकर आपला हूक खांद्यावर टाकून येतो, मग दोघं मिळून दारं टाकतात आणि नारळ फोडतात. कागदावर कुठं काही नाही. बलभीमचं अर्धं आयुष्य हा रिवाज सांभाळण्यात गेलं, आणि उरलेलं तो लोकांना सांगण्यात.

सांगत सांगत गोष्ट लांब गेली. एकाच नदीवर राहणाऱ्या देशांच्या पाण्याचं काम बघणारी नेपाळ-बांगलादेशची माणसं बंधारा बघायला येणार म्हणून निरोप आला.

यंदा पाऊस बेताचाच. खालचं तळं भरलं नव्हतं, बंधाऱ्यात घोट्याएवढं पाणी. पाहुण्यांना हे दाखवायचं, या विचारानं बलभीमला जेवण जाईना. त्यानं उमरग्याच्या लोहाराकडून नवा हूक करून आणला आणि भाऊ हरिबाला घेऊन दारं टाकली. पाहुणे गेले की उचलू, असं ठरवलं होतं.

"रिवाज दाखवायचाय का पाणी?" बायको गजराबाईनं विचारलं.

पाहुणे आले तेव्हा बंधारा काठोकाठ होता. त्यांनी फोटो काढले, बलभीमच्या अंगावर शाल घातली. त्यांच्यातला एक म्हातारा इंजिनिअर बांगलादेशचा. तो हसून म्हणाला, "हम तो नदी के सबसे नीचे रहनेवाले लोग हैं. नीचे का गाँव दिखाइए."

खाली तळ्याला भेगा पडल्या होत्या. शिवशंकरच्या घरच्या बायांनी लांबच्या बोअरचं पाणी तांब्यातून पाहुण्यांना दिलं. बलभीमपुढंही तांब्या आला. त्यानं तो तसाच पुढच्याकडं सरकवला.

म्हाताऱ्यानं विचारलं, इथं कोरडं असताना वरची दारं कशी बंद?

शिवशंकरनं एकदा बलभीमकडं बघितलं. "इस साल हमनेच बोला, साब. पहले ऊपर भरने दो."

म्हाताऱ्यानं त्याला हात जोडले. बलभीम अंगावरच्या शालीची दशी ओढत राहिला.

गाड्या गेल्यावर तो काहीतरी बोलायला लागला, तर शिवशंकरनं हात वर केला. "पाहुण्यापुढं भांडण कशाला काढायचं, अण्णा. पण आमची गुरं सासुरवाडीला धाडलीत म्या. तेवढं ध्यानात असू द्या." मग आत जाऊन त्यानं आढ्याला टांगलेला हूक काढला. "चला."

दोघं कोरड्या पात्रातून वर निघाले. नेहमी बरोबरीनं चालणारा बलभीम आज मागं होता.

बंधाऱ्यावर बलभीमचे दोन हूक कठड्याला टेकून उभे होते, जुना आणि नवा. शिवशंकरनं ते बघितले आणि आपला गंजका हूक दाराच्या कडीत घातला. "धरा," एवढंच म्हणाला. बलभीमनं जुना उचलला. दार वर आलं, पाणी खाली धावलं. नारळ कुणी आणलाच नव्हता.

निघताना बलभीमनं नवा हूक शिवशंकरपुढं धरला. "ह्यो बी तुमच्याकडंच ठेवा."

"दोन हूक घेऊन आमी काय करू?" शिवशंकर म्हणाला. "तुमच्यासारखं?"

तो पात्रात उतरून आपल्या वाटेनं गेला. हूक बलभीमच्या हातातच राहिला.